बोरखेडीचा एकुलता बेकार

"तुमी काय करता?"

एवढाच प्रश्न होता. अकोल्याच्या भाजीबाजारात, वामनरावांच्या आडतीवर, भर दुपारी विचारलेला. विचारणारी वामनरावांची शकुन, आणि ज्याला विचारला तो बोरखेडीच्या शेषराव माळ्याचा सहदेव. इंग्रजीत पत्र लिहिणारा, लांबलचक व्याजाचे हिशोब तोंडी करणारा, अमरावतीच्या शाळेतून मॅट्रिक झालेला हा गडी त्या एका प्रश्नापुढं वांग्याच्या टोपलीकडं बघत उभा राहिला.

"मी मॅट्रिक झालो," तो कसाबसा म्हणाला.

"ते झालं. आता काय करता?"

सहदेवचे कान लाल झाले. शकुननं टोपलीतलं एक वांगं उचललं. बोरखेडीच्या टोपलीत वांगी पुसून, देठं एका अंगाला करून लावलेली असायची आणि बाजारात त्यांना आधी गिऱ्हाईक मिळायचं. "हे असे वांगे लावून कोन पाठवते, ते तरी माहीत हाय काय?" तिनं विचारलं. त्यालाही तो काही बोलला नाही. ती हसली, टोपली उचलून आत गेली, आणि सहदेव बदनेऱ्यापर्यंत रेल्वेच्या डब्यात आपल्याच मांडीवर बुक्क्या मारत आला. कारण वांगी तोच लावत होता! वाफे त्याचे, रोपं त्याची, मोट तो हाकायचा, तोडणीही तोच करायचा. पण सांगणार कसं? आईनं शपथ घातली होती.

पार्बताबाईचं म्हणणं साधं होतं. पोरगं मॅट्रिक झालं म्हणजे त्यानं खुर्चीवर बसायचं. आता खुर्ची मिळत नाही तर मिळेपर्यंत निदान मातीत तरी बसायचं नाही. "वाफेच खुरपाचे होते तं शिकवलं काहून?" असं ती म्हणायची, आणि त्यावर शेषरावांकडं उत्तर नव्हतं. पण शेषरावांच्या कमरेकडं होतं. तीन सालांपूर्वी मोटेच्या धावेवर पाय घसरून त्यांची कंबर अशी धरली की वाकले तर उठता येईना आणि उठले तर वाकता येईना. गडी ठेवायची ऐपत नाही. तेव्हा मायलेकांत तह झाला. सहदेवनं पायटी, गाव उठायच्या आत मळ्यात जायचं, मोट हाकायची, काम उरकायचं, आणि उजाडलं की हातपाय धुऊन, स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर जुनं वर्तमानपत्र वाचत बसायचं. कोणी विचारलं तर म्हणायचं, नोकरीची वाट पाहून राहिलो.

आता खेड्यात गाव उठायच्या आत उठायचं म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. खेडं झोपतं कधी? सगळ्या बोरखेडीला ठाऊक होतं. फक्त गावाला ठाऊक आहे हे पार्बताबाईला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या तोंडावर सांगायची हिंमत कोणात नव्हती.

ते साल एकतीस. सरकारची खानेसुमारी आली आणि मोजणीदार हवा म्हणून तहसिलीतून सनद निघाली. गावात धड इंग्रजी जाणणारा कोण, तर सहदेव. पगार नाही, भत्ता नाही, नाही म्हणायची सोय नाही. पण कागदावर शिक्का होता! पार्बताबाईनं तो कागद देवघरात ठेवून त्याला कुंकू लावलं आणि संध्याकाळपर्यंत विहिरीवर, पाराजवळ, पिठाच्या जात्यावर एकच बातमी फिरवली. "माहा पोरगा सरकारात लागला व माय!"

ही बातमी नत्थुजीच्या कानी गेली. नत्थुजी म्हणजे बोरखेडीच्या भाजीच्या टोपल्या बदनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला नेणारा आणि परत येताना स्थळं, भांडणं, औषधाच्या पुड्या घेऊन येणारा म्हातारा. माणूस भला, पण इंजिनाच्या शिट्ट्या ऐकून त्याचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा अर्धवट ऐकून पुढचं आपल्या पदरचं घालायचा. त्यानं अकोल्यात वामनरावांना सांगून टाकलं की शेषरावचा पोट्टा सरकारी कामावर आहे, शकुनसाठी यापरीस चांगलं स्थळ मिळणार नाही. वामनराव म्हणाले, "मंगळवारी येऊन पाहतो."

सहदेवला ते कळलं तेव्हा आनंद आणि भीती एकदमच आली, आणि त्यानं एकच वाफा दोनदा खुरपला. शकुनच्या घरी आपल्याबद्दल जे सांगितलं गेलं ते धड खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मंगळवारी वामनराव तेच विचारणार जे शकुननं विचारलं होतं, आणि या वेळी कान लाल करून भागणार नव्हतं.

तोवर तहसिलीत मोजणीदारांना शिकवायचा दिवस आला. शिकवायला केशवराव कारकून होते. सायकलवर पायजम्याला चिमटा लावून फिरणारे, बारीक मिशीचे, घाबरट गृहस्थ. त्यांनी घरावर गेरूनं नंबर कसे टाकायचे, कमावता कोण, मदतनीस आश्रित कोण, निव्वळ आश्रित कोण हे सांगितलं. मग घसा खाकरून एक निराळं पत्रक काढलं. या खेपेला सुशिक्षित बेकारांचीही मोजणी आहे म्हणाले.

"बेकार कोणाला म्हणायचं? नीट ऐका. इंग्रजी येत असलं पाहिजे. मॅट्रिक तरी पास पाहिजे. नोकरी नसली पाहिजे, आणि नोकरी शोधत असला पाहिजे. नुसता घरी पडून आहे, शोधत नाही, तो बेकार नाही. बापाच्या धंद्यात हात लावतो, तोही बेकार नाही. आणि ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं पाहिजे. जबरदस्ती नाही."

सहदेव उभा राहिला. "साहेब, काम आहे पण पगार नाही, असा माणूस कशात धरायचा?"

"असा कोण असतो?"

"मोजणीदार."

सगळी कचेरी हसली. केशवरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तो देशसेवेत धरायचा. बसा."

नत्थुजी त्या दिवशी रिकाम्या टोपल्या घेऊन कचेरीच्या ओसरीत सावलीला टेकला होता. खिडकीतून त्याच्या अर्ध्या कानाला एवढंच ऐकू गेलं: शिकलेल्यांची नावं, सरकार, बेकार. अन् त्या कानानं केलं काय, तर "क" चा "ग" केला. बेकारचं झालं बेगार.

हसू नका. बेगार हा शब्द वऱ्हाडात ज्यानं भोगला त्याला तो अर्धवट ऐकू आला तरी पुरत असे. साहेबाचा दौरा निघाला की वाटेतल्या गावची माणसं धरायची, तंबू वाहायला लावायचे, पाणी भरायला, कोंबड्या पकडायला. मजुरी मागितली तर शिव्या. आता तसलं फारसं उरलं नव्हतं, पण म्हाताऱ्यांच्या पाठीला आठवण होती. नत्थुजीनं सहदेवच्या आधीच गावात येऊन सांगितलं, "बापा हो, सरकार आता शिकलेल्यायची बेगार धरून राहिलं! अडाणी लोक पळून जातेत म्हनून मॅट्रिकवाले पायजेत. धारणीच्या जंगलात सडक करायची हाय. नावं लिहाले आपला सहदेवच येनार!"

मंगळवारी सहदेव शाई, टाक आणि पत्रक घेऊन निघाला तर गाव त्याच्याकडं पाहून दारं लावू लागलं.

गावात त्याच्याशिवाय इंग्रजीवाले दोघंच. पहिला खुशालराव पाटलांचा गोवर्धन. बी. ए. च्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा उठलेला, आणि तेव्हापासून खाटेवर आडवा. सहदेव पाटलांच्या अंगणात गेला तेव्हा खाट रिकामी होती. ओसरीत नव्या वेचणीच्या कापसाचा ढीग लागला होता आणि पाटील त्याच्यापुढं पाय पसरून बसले होते.

"गोवर्धनभाऊ कुठं गेले, पाटील?"

"गोवर्धन? तो लय कामात हाय."

"काय काम करून राहिले?"

पाटलांनी पसरलेले पाय जवळ घेतले. पोराला काम असतं ही गोष्टच त्यांनी पहिल्यांदा उच्चारली होती. "काम म्हंजे... त्याले दम लागते," ते म्हणाले, आणि तेवढ्यात कापसाचा ढीग शिंकला.

सहदेवनं ढिगाकडं पाहिलं. पाटलांनी छताकडं पाहिलं. ढीग पुन्हा शिंकला. सरकारी काम म्हटलं की प्रश्न विचारायलाच हवा, म्हणून सहदेव ढिगासमोर उकिडवा बसला आणि अदबीनं म्हणाला, "गोवर्धनभाऊ, एकच इचारतो. तुमी नोकरी शोधून राहिले काय?"

"नाही!" कापूस ओरडला. "मी काहीच शोधत नाही! माह्या नावावर काही लिहू नको, सहदेव, तुले तुह्या मायची आन हाय!"

नियम स्पष्ट होता. शोधत नाही तो बेकार नाही. जन्मात एक काडी इकडची तिकडं न केलेला गोवर्धन सरकारी नियमानं बेकारीतून सुटला, आणि सुटल्याच्या आनंदात तिसऱ्यांदा शिंकला.

दुसरे रामराव. गावात त्यांना मास्तर म्हणत. शाळेत ते कधी शिकवायला गेले नाहीत, पण जुने मॅट्रिक म्हणून मान होता. पोळ्याच्या दिवशी बैलांपुढं यमकं जुळवून झडत्या म्हणायच्या आधी एखादं इंग्रजी वाक्य ठोकून देत आणि गाव माना डोलावत असे. सहदेवला दारात बघताच ते दोन्ही हात जोडून पुढं आले.

"सहदेवा, मले वाचव बाप्पा. मी मॅट्रिक नाही!"

"काय म्हनता, मास्तर?"

"नापास हावो मी! चार खेपा बसलो, चारी खेपा नापास! ह्या वयात मले पानी भरनं होते काय? लिहून घे, नापास!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. रामरावांची बायको आशाबाई कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी. "नापास?" ती म्हणाली. "माह्या बापानं मॅट्रिक म्हनून पोरगी देल्ली तुमाले! लगनात तुमच्या मामानं भर मांडवात सांगतलं होतं!"

"मामा अडाणी होता व!"

"अन् तुमी कोन होते?"

सहदेव तिथून निघाला तो जवळजवळ पळतच. मागून आशाबाई चार खेपांचा हिशोब एकेक करून विचारत होती. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात अडकली. पाणी भरणं? कोणाचं पाणी? चावडीपाशी त्याला नत्थुजी दिसला तेव्हा त्यानं त्याला धरलं.

"काय सांगतलं तुमी लोकायले?"

"तेच, सरकारनं सांगतलं ते. बेगार."

"बेगार नाही नत्थुजी, बेकार! बे-का-र!"

"हो ना बाप्पा, तेच तं म्हनलं मी. बेगार." आणि मग नत्थुजीनं आवाज खाली करून म्हटलं, "तू घरी जाय लवकर. अकोल्याचे वामनराव सकाळच्या गाडीनं माह्याच संगं आले. वाटेत मले इचारत होते, पोट्टा नेमका काय काम करते? मी सांगतलं, सध्या बेगारी धरते."

सहदेव पत्रक छातीशी धरून घराकडं धावत सुटला.

घरी अंगणात खाटेवर वामनराव बसले होते. जाड मिशा, पागोटं, कपाळाला आठी. समोर चहाची कपबशी तशीच, साय धरलेली. शेषराव एका पाटावर कमरेला हात लावून अवघडलेले. पार्बताबाई उंबऱ्यात, आणि शेजारची माणिकबाई भिंतीवरून मान काढून उघड उघड ऐकत होती. केशवराव कारकून तेवढ्यात तपासणीला येऊन पोहोचले होते आणि सायकल टेकवायला जागा शोधत होते.

"हेच काय चिरंजीव?" वामनराव उठून उभे राहिले. "ऐका शेषराव. माह्या बापाले बेगारीत धरलं होतं. सायबाच्या तंबूचे खुंटे वाहून त्याचा खांदा गेला तो गेलाच. माही पोरगी मी बेगारी धरनाऱ्याच्या घरात देत नाही. आता मले गाडीची वेळ सांगा."

"अवो नाही हो दादा!" पार्बताबाई कळवळली. "तो सरकारी नोकर हाय!"

"पगार किती?"

पार्बताबाई पदर सारखा करू लागली. सायकल टेकवता टेकवता केशवरावांना राहवलं नाही. घाबरट माणसाला अडलेलं उत्तर फार लवकर टोचतं. "पगार नाही," ते म्हणाले. "हे काम बिनपगारी असतं. नाही म्हटलं तर दंड आहे."

वामनराव सावकाश खाली बसले. "म्हंजे ह्यो बेगारी धरत नाही," ते म्हणाले. "ह्यालेच धरलं हाय."

केशवरावांनी घाईघाईनं सगळा उलगडा केला. बेगार नव्हे, बेकार. शिकलेले, पण काम न मिळालेले. वामनरावांच्या कपाळाची आठी अर्धी गेली. "मंग किती सापडले?" त्यांनी विचारलं.

"शून्य," सहदेव म्हणाला.

केशवरावांचं तोंड उतरलं. "शून्य? अहो, तहसीलदारसाहेब म्हणतील तुम्ही गावात गेलाच नाहीत! एक तरी पाहिजे." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे! तुमचं घर राहिलंय ना? मोजणीदारानं स्वतःला विचारायचं नाही, मी विचारतो. पत्रक द्या इकडं. इंग्रजी येतं?"

"येते."

"मॅट्रिक पास?"

"पास."

"नोकरी?"

"नाही."

"शोधता?"

"अर्ज करतो."

"वा!" केशवराव इतके खूश झाले की टाक शाईत बुडवताना दौत कलंडता कलंडता वाचली. "घरी बसून असता. वडलांना मदत वगैरे काही करत नाही ना?"

इथं पार्बताबाई पुढं सरसावली. बेकार म्हणजे काय हे तिला कळलं नव्हतं, पण नोकरीची वाट पाहणारा असं काहीतरी लिहिणार आणि ते मळ्यात राबण्यापेक्षा इज्जतीचं आहे एवढं तिनं ताडलं होतं. "नाही नाही!" ती म्हणाली. "मातीले हात लावत नाही माहा पोरगा. ओट्यावर बसून पेपर वाचते. लिवा तुमी, लिवा!"

टाक कागदाला टेकला. सगळ्यांना सहदेव बेकार हवा होता. केशवरावांना तहसीलदारांसाठी, आईला अब्रूसाठी. एकट्या वामनरावांचं कळत नव्हतं. ते सहदेवकडं टक लावून बघत होते, आणि त्या बघण्यात सहदेवला शकुन दिसली, हातात वांगं घेतलेली. तुमी काय करता? एकदा मुकाट्यानं उभा राहिलो होतो, त्याचे चटके अजून बसत होते. आज पुन्हा मुका राहिलो तर ते सरकारी कागदावर लागणार आणि जन्मभर राहणार. त्यानं पत्रकावर आडवा हात ठेवला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "लिहू नका. मी बेकार नाही."

"अहो, असं काय करता! आत्ता तर..."

"मी मोट हाकतो. रोज पायटी. कांद्याले पानी देतो, मेथी कापतो. वांग्याचे वाफे माह्या हातचे हायेत." तो वामनरावांकडं वळला. "तुमच्या आडतीवर येतेत ते वांगे मी पुसतो, मीच लावतो. अन् तुमच्या शकुननं इचारलं तवा मी बोललो नाही, तो माहा भेकडपना होता."

"अवं माय!" पार्बताबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "काहून बोलला रे! गावानं ऐकलं ना!" आणि ती उंबऱ्यात बसून रडायलाच लागली.

भिंतीवरून माणिकबाई म्हणाली, "काय ऐकलं व, पार्बते? आमाले का आज समजलं? तुहा पोरगा मोटेवर गाते तवा तं आमी उठतो. दोन दिवस ताप आला होता त्याले, तं अख्खी आळी उशिरा उठली. कामावर जानारे शिव्या देऊन राहिले होते."

पार्बताबाईचं रडं मध्येच थांबलं. "साऱ्यायले माहीत हाय?"

"साऱ्यायले."

"अन् कोनी हसलं नाही?"

"हसाचं काय त्याच्यात? गान्याले हसलो, कामाले नाही."

केशवरावांनी उसासा टाकला. एक बेकार हातचा गेला. नियम म्हणजे नियम. त्यांनी बेकारांचं पत्रक घडी करून ठेवलं आणि घराच्या नोंदीचा कागद ओढला. "ठीक. कुटुंबप्रमुख शेषराव, कमावता. मुलगा सहदेव, मदतनीस आश्रित."

"काय म्हनलं?" शेषरावांनी विचारलं. एवढ्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

"मदतनीस आश्रित. म्हणजे काम करतो, पण तुमच्यावर अवलंबून. नियमात तसंच आहे."

शेषराव उठू लागले. पाटावरून उठायला त्यांना नेहमी दोन माणसं लागत. त्या दिवशी ते एकटे उठले, भिंतीचा आधार घेत, दात आवळून, आणि ताठ उभे राहिले.

"आश्रित माह्या घरात हाय," ते म्हणाले. "पन तो नाही. तीन सालापासून मी कुदळ उचलली नाही. त्याच्या हातचं खाऊन राहिलो, अन् अंधारात राबवून घेऊन राहिलो, चोरासारखं. त्याले मी कधी म्हनलं नाही की बापा, तू थकला असशीन. आता सरकार इचारते तं सांगतो. कमावता म्हनून त्याचं नाव लिवा. आश्रित लिवा, शेषराव."

सहदेवला वडलांकडं बघता येईना. केशवरावांनी नियमाचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि त्यात काही न वाचताच लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं: "सहदेव वल्द शेषराव. कमावता. धंदा, बागाईत."

वामनरावांनी सायीचा थंड चहा उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला.

"खोटं काहून बोलू," ते म्हणाले. "मले सरकारी जावयाचा शौक होता. आडतीवर छाती फुगवून सांगता आलं असतं. नत्थुजी सांगे तवा मी खूश झालो होतो. पन घरून निघतानी शकुन म्हने, बाबा, नत्थुजीचं ऐकू नका. त्यालेच इचारा, तो काय करते. त्याच्या तोंडातून निंगालं तरच हो म्हना." त्यांनी मिशी पुसली. "निंगालं बापा एकदाचं. आता त्या पोरीसमोर माहं काय चालते?"

पार्बताबाईनं डोळे पुसले आणि आत जाऊन नवा चहा ठेवला. नत्थुजी दारात उभा राहून हे स्थळ आपणच जुळवलं असं माणिकबाईला पटवू लागला.

जाताना केशवरावांनी सायकलीवरून मागं वळून पाहिलं. बोरखेडी, सुशिक्षित बेकार, शून्य. "गाव चांगलं आहे तुमचं," ते सहदेवला म्हणाले. "इथं बेकारी नाही. मी येऊन राहीन म्हणतो. सरकारनं खर्चात काटछाट काढलीय. एप्रिलपासून माझी जागा बंद." सहदेवनं पळत जाऊन सायकलीच्या कॅरियरला वांग्याची एक पिशवी बांधली. केशवराव नको नको म्हणत राहिले आणि पिशवी घेऊन गेले. त्यांना अमरावतीत कोणी विचारलं असेल, तर त्या दिवशी ते नोकरीतच होते, म्हणजे बेकारांच्या मोजणीत धरलेच गेले नसतील.

तहसिलीत शून्य पोचलं. तहसीलदारांना ते खोटं वाटायच्या ऐवजी आवडलं आणि बोरखेडीचं नाव दोनदा घेतलं गेलं. नियमाप्रमाणं पाहिलं तर त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. गोवर्धन मात्र संध्याकाळपर्यंत कापसातच होता, कारण सरकार गेलं हे त्याला सांगायचं सगळेच विसरले.

वैशाखात लग्न झालं. रामराव मांडवात आले, पण इंग्रजी बोलले नाहीत. आशाबाई शेजारीच बसली होती.

लग्नाचे पाहुणे पांगले त्या रात्रीनंतरची पायट. सहदेवला जाग आली तर शकुन दारात उभी, हातात त्याचं मळ्यात जायचं जुनं धोतर.

"तुमी काय करता?" तिनं विचारलं.

सहदेव हसत उठून बसला. "मोट हाकतो. वांगे लावतो. पुसून टोपलीत भरतो."

"मंग लोळून काहून राहिले?" शकुननं धोतर त्याच्या अंगावर फेकलं. "उठा. तुमी गानं म्हनल्याशिवाय आळीतलं कोनी उठत नाही, अन् आज मलेबी संगं यायचं हाय. कंदील घेऊन उजेडात जाऊ, आता लपाचं नाही."

पार्बताबाई आतून ओरडली, "उजेडात जा, पन चहा घेऊन जा!"